बाबांची हजेरी

आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकाने ऑफिसात आलंच पाहिजे, हा हुकूम कंपनीच्या मोठ्या साहेबांनी काढला तो स्वतःच्या घरच्या दिवाणखान्यात बसून. पडद्यावर साहेबांचा चेहरा, मागे भिंतभर काचेची खिडकी, खिडकीबाहेर तळं आणि तळ्यात बदकं. "माणसं समोरासमोर बसल्याशिवाय आपुलकी वाढत नाही," साहेब म्हणाले, आणि नेमकं तेव्हाच मागे एक बदक ओरडलं. आपापल्या घरी बसून ऐकणाऱ्यांनी आपले आवाज आधीच बंद ठेवले होते म्हणून बरं, नाहीतर ते हसू तळ्यापर्यंत ऐकू गेलं असतं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. पण शेळ्यांनो, गोठ्यात या, असं उंटावरूनच सांगणारा हा पहिलाच.

कंपनीचं काम म्हणजे घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणं. इस्त्री, पंखा, मिक्सर, कपडे धुण्याचं मशीन, काहीही विकत आणलं की खोक्यात सगळ्यात वर जी पुस्तिका असते आणि जी बाजूला सारून लोक आधी बटण दाबून बघतात, ती इथे तयार व्हायची. हे काम कुठेही बसून करता येतं. दोन-तीन वर्षं सगळ्यांनी ते घरून केलंही होतं. पुस्तिका वेळेवर जात होत्या आणि पूर्वीइतक्याच इमानाने न वाचता फेकल्या जात होत्या. मग घोडं अडलं कुठे? अडलं ते एवढ्यावरच, की कंपनीने काचेची उंच इमारत लांबच्या कराराने भाड्याने घेतली होती आणि तिच्यात दिवसभर नुसते दिवे जळत होते.

पुस्तिका लिहिणाऱ्या एका गटाच्या प्रमुख बाईला सगळे ताई म्हणत. गटातले बाणवाले काका तिच्यापेक्षा वयाने मोठे, यंत्रांची चित्रं काढून 'हा स्क्रू इथे' असे बाण दाखवणारे. तेसुद्धा ताईच म्हणत. ताई सरळ होती पण जिभेला धार होती. नियम मोडणाऱ्यांतली ती नव्हती, नियम वाचून दाखवणाऱ्यांतली होती. आधी प्लग लावा, मग झाकण बंद करा, मग बटण दाबा, असं आयुष्यभर लिहून तिला खोडच लागली होती: जे लिहिलंय ते तसंच्या तसं करायचं, पायरी गाळायची नाही. ही खोड तिला पुढे महागात पडली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

हजेरीचं खातं ज्यांच्याकडे होतं त्यांना लोक मोजणीबाई म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. मोजणीबाई आधी फक्त आत येतानाचं कार्ड मोजत. तेव्हा लोक सकाळी यायचे, दारात कार्ड दाखवायचे, यंत्राची कॉफी प्यायचे आणि ती पोटात गरम असतानाच घरची वाट धरायचे. मग बाईंनी बाहेर जातानाचंही कार्ड मोजायला घेतलं. तेव्हा लोक जाताना कार्ड एकाच्या हवाली करायला लागले, आणि तो भला माणूस संध्याकाळी दारात उभा राहून पत्ते वाटावेत तशी सगळ्यांची कार्डं दाखवायचा. शेवटी बाईंनी प्रत्येक खुर्चीच्या गादीखाली एक चपटी डबी बसवली. खुर्चीवर वजन पडलं की माणूस हजर, उठलं की गैरहजर. त्या आठवड्यात पाण्याच्या मोठ्या कॅनना ऑफिसात जो मान मिळाला तो माणसांना कधी मिळाला नव्हता. एका कॅनने तर इतकी सलग बैठक मारली की त्या खुर्चीच्या नावाने मोजणीबाईंचं अभिनंदनाचं पत्र आलं.

आणि आपुलकी? गटातल्या अर्ध्यांचे तीन दिवस सोमवारपासूनचे, अर्ध्यांचे गुरुवारपासूनचे. जे आलेले असत ते कानाला हेडफोन लावून न आलेल्यांशी पडद्यावर बोलत. शेजारी बसलेल्याशी बोलायला हेडफोन काढावा लागे, म्हणून त्याच्याशीही पडद्यावरच बोलत. स्वतः मोजणीबाई घरून काम करत. मोजणी कुठूनही करता येते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. लिहिणं मात्र कुठूनही करता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे.

ताईला एरवी या सगळ्याचं काही वाटलं नसतं. तीन दिवस तर तीन दिवस, डबा भरून गेली असती. पण घरी बाबा होते.

बाबा म्हणजे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणारा माणूस. कांद्याच्या ढिगावर उभे राहून त्यांनी 'एकवार, दोनवार' म्हटलं की पलीकडच्या गल्लीतला हमाल दचकायचा. घरीही तोच आवाज. मीठ मागितलं तरी शेजारणीला कळायचं. अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडात फक्त दोन शब्द उरले होते, 'अगं' आणि 'एकवार'. तहान लागली, एकवार. पाठ दुखली, एकवार. आणि मनातलं समोरच्याला कळेना झालं की 'अगं, अगं' करत डोळे भरून यायचे. ज्याच्या आवाजावर बाजार उठायचा-बसायचा त्याला पाण्याचा पेला मागता येईना, हे बघणं ताईला फार जड जात होतं.

बोलणं शिकवायला स्पीच थेरपिस्ट यायची. वयाने तरुण, बोलायला स्पष्ट. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे सुरुवातीचे महिने सोन्याचे आहेत. दुपारची झोप झाली, डोकं ताजं असलं की रोज तासभर त्यांच्याशी बोलायचं. मी आठवड्यातून एकदा येणार. बाकीचे दिवस घरच्या माणसाने बसायचं. आत्ता जे परत येईल ते येईल. पुढे ओढून आणता येत नाही."

घरचं माणूस म्हणजे ताईच. भाऊ होता, पण तो दूरच्या गावी राहून फोनवरून सेवा करायचा. सकाळी बाबांचं अंघोळपांघोळ बघायला एक मावशी येत, त्या दुपारी जेवण भरवून निघून जात. तशी गरज पडली तर जास्त थांबत, पण बोलण्याचे धडे काही त्या घेऊ शकत नव्हत्या. तेव्हा दुपारचा तो तास ताईने घरी असणं, एवढ्यावर बाबांचं बोलणं अवलंबून होतं. तिने रीतसर अर्ज केला: काही महिने रोज घरून काम करू द्यावं, काम तसूभर कमी होणार नाही. सोबत डॉक्टरांचं पत्र, थेरपिस्टचं पत्र.

अर्ज सवलत समितीकडे गेला आणि समितीकडून मोजणीबाईंचा फोन आला.

"ताई, समितीचं म्हणणं आहे की तुम्ही वडिलांना एकदा समितीपुढे आणावं."

"आणावं म्हणजे?"

"म्हणजे ऑफिसात. प्रत्यक्ष."

"अहो, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घ्यायला त्यांना दोन माणसं लागतात! ते येऊ शकत नाहीत म्हणून तर मी अर्ज केलाय."

"मी समजू शकते हो. पण कागदावर आता कोणाचा विश्वासच उरला नाही. मागे एकाने आईच्या गुडघ्याचं सर्टिफिकेट दिलं, आणि त्याच आठवड्यात आई लग्नात नाचताना फोटोत सापडली."

"मग व्हिडिओवर दाखवते बाबांना. आत्ता दाखवते."

"व्हिडिओवर काय, कोणीही कोणालाही दाखवतं," घरून बोलणाऱ्या मोजणीबाई म्हणाल्या. "प्रत्यक्ष म्हणजे प्रत्यक्ष."

दुसऱ्या कोणी आणखी दोन पत्रं जोडली असती, कोणाच्या तरी ओळखीने वशिला लावला असता. ताईने लिहिलेलं होतं तसंच्या तसं केलं. रॅम्पची गाडी ठरवली, मावशींना सोबत घेतलं, बाबांना कडक इस्त्रीचा शर्ट घातला. डायपर, औषधं, टॉवेल, उशी, पाण्याची नळीची बाटली, असं विंचवाचं बिऱ्हाड गाडीत चढलं. वाटेत खड्ड्यागणिक बाबा 'अगं' म्हणत होते आणि ताई खड्ड्यागणिक समितीचा उद्धार करत होती.

समितीची खोली मोठी होती. लांबलचक टेबल, भोवती चामड्याच्या खुर्च्या, आणि एकाही खुर्चीवर माणूस नाही. भिंतीवरच्या पडद्यावर समिती प्रकटली. अध्यक्षांच्या मागे कोणीतरी चादरीची घडी घालत होतं. दुसऱ्या गृहस्थांनी आपल्यामागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावलं होतं, त्यात त्यांचा एक कान अधूनमधून नाहीसा होत होता. तिसरे गाडी चालवत होते. चौथ्या चौकटीत मोजणीबाई.

"तुमच्यापैकी ऑफिसात कोणीच नाही?" ताईने विचारलं.

"समितीला हजेरी लागू नाही," अध्यक्ष म्हणाले. "जरा खुर्ची पुढे घ्या, वडील नीट दिसत नाहीत."

ताईने खुर्ची पुढे घेतली. प्रत्यक्ष दर्शनासाठी आणलेल्या बाबांना समितीने कॅमेऱ्यातून निरखून पाहिलं. गाडी चालवणाऱ्यांनी सिग्नलला थांबून विचारलं, "काय आजोबा, कसं वाटतंय?"

"एकवार," बाबा म्हणाले.

"वा! कळतंय की त्यांना सगळं," कान नाहीसा झालेले गृहस्थ म्हणाले. मग समितीने आपसात बरीच चर्चा केली. सवलत म्हणजे काय, गरज म्हणजे काय, एकाला दिली तर उद्या दुसरा मागेल त्याचं काय. बाबा तेवढा वेळ मान एका बाजूला टाकून बसून राहिले, कारण उठून जाणं त्यांच्या हातात नव्हतं.

निकालाचं पत्र दोन दिवसांनी आलं. त्यात लिहिलं होतं की रुग्ण ऑफिसात येऊ शकतात आणि बराच वेळ स्वस्थ बसू शकतात हे समितीने समक्ष पाहिलं आहे, सबब घरी थांबण्याची गरज सिद्ध होत नाही, अर्ज नामंजूर.

ताईने ते पत्र बाणवाल्या काकांना दाखवलं. काकांनी चष्मा वर करून वाचलं, चष्मा खाली करून वाचलं. "म्हणजे आणलं नसतं तर पुरावा नाही म्हणून नामंजूर, आणि आणलं तर येऊ शकतात म्हणून नामंजूर," ते म्हणाले. "यांना एक बक्षीस दिलं पाहिजे. पण समक्ष घ्यायला यायची अट घालून." भावाने फोनवरून कोर्टात जा म्हणून सांगितलं आणि जेवायला गेला.

ताई रात्रभर जळत राहिली. सकाळी उठली ती मनाशी ठरवूनच. रुग्ण ऑफिसात येऊ शकतात असं कंपनीच लिहून देते ना? ठीक आहे. येतील. तिच्या हजेरीच्या प्रत्येक दिवशी येतील.

दारावरच्या पहारेकऱ्याने बाबांची खुर्ची अडवली, तेव्हा ताईने पत्र पुढे केलं. त्याने मोजणीबाईंना फोन लावला. मोजणीबाईंनी सगळी नियमावली पालथी घातली. कुत्रा आणू नये, सायकल आत आणू नये, वास येणारे पदार्थ आणू नयेत, सगळं होतं. वडील आणू नयेत असं कुठेही नव्हतं. बाबा आत गेले. मावशींना ताईने जादा वेळ थांबायला तयार केलं आणि आपल्या टेबलाशेजारी बाबांची जागा केली.

पहिले काही दिवस खरंच मजेत गेले. इतक्या महिन्यांत त्या मजल्यावर कोणी कोणाकडे बघितलं नव्हतं. आता येणारा-जाणारा बाबांपाशी थांबायला लागला, हेडफोन काढायला लागला. बाणवाल्या काकांनी मोठ्या कागदांवर चित्रं काढली आणि बाबांपुढे धरून शब्द म्हणवून घेतले. चित्रं त्यांच्याकडे होती ती यंत्रांचीच. त्यामुळे बाबांना जे पहिले शब्द परत आले ते 'झाकण' आणि 'बटण'. मग एके दिवशी मावशी औषध घेऊन आल्या तेव्हा बाबा तोंड फिरवून खणखणीत आवाजात म्हणाले, "प्लग काढा!" सगळा मजला हसला. ताई हसता हसता बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

मोठे साहेब पडद्यावरून महिन्याचं भाषण करत होते तेव्हा तर कहर झाला. "येत्या काळात हजेरी आणखी वर न्यायची आहे," साहेब म्हणाले, आणि बाबांनी जुन्या सवयीने डावा हात उचलला. "एकवार," ते म्हणाले. साहेब थबकले. "दोनवार!" शब्द थोडे जड होते, पण पट्टी तीच बाजारातली. लोक पोट धरून हसले. साहेबांनाही हसावंच लागलं. हे आजोबा कोण, त्यांनी विचारलं, आणि मोजणीबाईंनी सांगितलं.

ताईला वाटलं, कशी जिरवली! ऑफिसभर तिचं नाव झालं होतं. कॅन्टीनच्या रांगेत लोक तिला पुढे जाऊ देत. पण मजा होती ती इतरांची. खुर्चीत बाबा होते. सकाळी लवकर उठवणं, दोघींनी उचलणं, गाडी, खड्डे, लिफ्ट, पांढऱ्या दिव्यांचा उजेड. दुपार झाली की बाबांची मान गळायची. जो तास बोलायचा, त्या तासाला ते खुर्चीत वाकडे होऊन झोपलेले असायचे, आणि ताई पडद्यावरच्या बैठकीत असायची. संध्याकाळी घरी आले की जेवणसुद्धा नको व्हायचं.

थेरपिस्टने एकदा स्पष्टच विचारलं, "तुम्ही त्यांना सारखं तिकडे का नेता?"

"त्यांनीच नाही का लिहून दिलं? आता बघू दे त्यांना. आणि शब्द येताहेत ना?"

"चार-दोन आले. मग थांबले. ते दमलेत, ताई."

ताईने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. कंपनीशी चाललेल्या भांडणात ती जिंकत होती, आणि जिंकणाऱ्या माणसाला मध्येच कोणी थांब म्हटलेलं आवडत नाही. कंपनीने बाबांना हत्यार केलं नव्हतं, तिने केलं होतं. हे तिला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर सांगणाऱ्याची धडगत नव्हती.

मग एक दिवस फोटो काढणारा आला. बातमीपत्रासाठी म्हणाला. ताईने हरकत घेतली नाही. उलट बाबांची कॉलर सारखी केली, केसांवरून कंगवा फिरवला. छापा, तिला वाटलं, जगाला कळू दे ही कंपनी आजारी म्हाताऱ्याला कसं फरफटत आणायला लावते ते. समोरचा माणूस आपल्या मनातलंच छापेल अशी तिची समजूत होती. शहाणी माणसं अशीच फसतात.

त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या गटातली एक मुलगी तिच्याकडे आली. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बाळ अजून वरचं दूध घेत नव्हतं. काही आठवडे घरून काम करू द्या म्हणून तिनेही समितीकडे अर्ज केला होता. ती टेबलाशी उभी राहिली आणि फोन पुढे धरून म्हणाली, "ताई, हे जरा वाचा."

पत्रात लिहिलं होतं की गंभीर आजारी ज्येष्ठ नागरिकही या ऑफिसात नियमित येतात आणि आनंदाने दिवस घालवतात. त्या मानाने अर्जदाराची अडचण किरकोळ आहे. नामंजूर.

"मी तुम्हाला बोल लावत नाही," ती मुलगी म्हणाली. "पण असेच आणखी चार जणांना आलेत. सगळ्यांत तुमचे बाबाच आहेत." आणि ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली, कारण खुर्ची रिकामी राहिली असती तर तिकडे मोजणीबाईंना कळलं असतं. समितीला चांगलं खरमरीत पत्र लिहायचं, असं ताईने मनात म्हटलं, आणि त्या दिवशीच्या बैठकांत ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीत बसायला तयार होईनात. डाव्या हाताने त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली. "अगं," ते म्हणाले. "अगं, अगं." ताईला उशीर होत होता, गाडी खाली उभी होती, गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"बाबा, आता नखरे नकोत हं. उशीर झाला तर हजेरी लागायची नाही," ती म्हणाली आणि तिने त्यांची बोटं एकेक करून चौकटीवरून सोडवली. मावशींनी तिच्याकडे बघितलं आणि पायाकडची बाजू उचलली.

ऑफिसच्या दालनात, लिफ्टच्या समोर, माणसापेक्षा उंच असा एक नवा कागदी फलक लावलेला होता. त्यावर बाबा होते. कॉलर सारखी, केस विंचरलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यालाच छापणाऱ्याने हसू मानून घेतलं होतं. खाली ठळक अक्षरं: 'हे येऊ शकतात, तर तुम्ही का नाही?'

येणारे-जाणारे फलकाकडे बघत होते आणि मग खुर्चीकडे. कालपर्यंत बाबांपाशी थांबणारी माणसं आज खाली बघून लिफ्टमध्ये शिरत होती. बाणवाले काका तेवढे थांबले. त्यांचाही चेहरा पडला होता. ताईच्या कानशिलांत रक्त चढलं. नियमावली, पत्र, समिती, मोजणीबाई, सगळ्यांना एका वाक्यात काय ऐकवायचं ते ती जुळवायला लागली. असली वाक्यं तिला चांगली जमत.

"हे," कोणीतरी म्हणालं.

बाबा वाचत होते. डाव्या हाताचं बोट हवेत धरून एकेका अक्षराखाली सरकवत होते. "हे... येऊ... शक... तात." श्वास लागला. थांबले. मावशींनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. आजारपणात एका दमात इतके शब्द त्यांच्या तोंडून आले नव्हते. ताई फलक विसरली, समिती विसरली, गुडघे टेकून त्यांच्यासमोर बसली. "हां बाबा. म्हणा. पुढे म्हणा."

बाबांनी पुढचं वाचलं नाही. त्यांनी फलकावरून नजर काढली आणि तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, शब्द सापडेना, पुन्हा हलले. ती जी बाजारातली पट्टी होती तिच्यातलं काहीच त्या आवाजात नव्हतं. आवाज अगदी बारीक होता.

"मला... विचारलं... कोणी?"

लिफ्ट आली, उघडली, कोणीच आत गेलं नाही म्हणून बंद झाली. ताईने तयार केलेलं वाक्य घशातच राहिलं, कारण ते ज्यांना ऐकवायचं होतं त्यांच्या यादीत ती स्वतः नव्हती. समितीने विचारलं नव्हतं. फोटोवाल्याने विचारलं नव्हतं. आणि सकाळी चौकटीवरची बोटं तिने सोडवली होती, तिनेही विचारलं नव्हतं. तिला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं.

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली. मग नाक पुसून तिने विचारलं, "कुठे जायचं तुम्हाला?"

"घरी," बाबा म्हणाले. या शब्दाला त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

ताई उठली. फलकाजवळ गेली, वरची दोन टोकं हाताला येईनात, तर बाणवाल्या काकांनी पाय उंचावून ती सोडवून दिली. फलक खाली उतरला. ताईने त्याची घट्ट गुंडाळी केली.

"ताई, अहो हे काय करताय?" पहारेकरी धावत आला. "कंपनीचा माल आहे तो."

"कागद कंपनीचा असेल. तोंड आमचं आहे," ताई म्हणाली. "मोजणीबाईंना फोन लावा आणि सांगा, समितीला आता बाबांचा नकार ऐकायचा असेल तर माझ्या घरी या म्हणावं. समक्ष. आणि काका, त्या पोरीला सांगा, आज दुपारी मी त्या पाचही अर्जांसाठी समितीला पत्र लिहिणार आहे. घरून."

तिने खुर्ची वळवली. पहारेकऱ्याने एकदा दाराकडे बघितलं, एकदा तिच्या हातातल्या कार्डाकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आल्या पावली परत गेलात तर आजचा दिवस धरत नाहीत हो. गटप्रमुखाला तर मुळीच नाही."

"नका धरू," ताई म्हणाली.

पहारेकऱ्याने दार उघडून धरलं. बाहेर उताराला खुर्ची आपोआप पळायला लागली, तेव्हा ताई आणि मावशी दोघींनी ती मागून घट्ट धरली आणि बाबांना सावकाश खाली नेलं.